पूर्तधर्म आणि नळाचे पाणी

धर्मशास्त्राने पुण्यकर्मांचे जे दोन मोठे विभाग केले आहेत, त्यांपैकी 'इष्ट' म्हणजे यज्ञयागादी कर्मे, आणि 'पूर्त' म्हणजे विहिरी, बारवा, तळी, देवालये, अन्नसत्रे, बागा व पाणपोया लोकांच्या उपयोगासाठी निर्माण करणे होय. इष्टाचा अधिकार त्रैवर्णिकांपुरता राखून ठेवणाऱ्या स्मृतिकारांनी पूर्ताचा अधिकार मात्र शूद्रांनाही मोकळा ठेवला. याचे कारण उघड आहे. यज्ञाचे फळ यजमानाला मिळते. तळ्याचे पाणी गावाला मिळते. इंदूरच्या गादीवरून १७६७ ते १७९५ पर्यंत राज्य करणाऱ्या अहिल्याबाईंनी हिंदुस्थानभर विहिरी, घाट व धर्मशाळा बांधल्या, त्या याच पूर्तधर्माच्या परंपरेतील होत, आणि त्यांचे स्मरण आजही ज्या आदराने होते तो आदर त्या काळच्या एखाद्या लढाईच्या वाट्याला क्वचितच आला आहे.

परंतु पूर्ताच्या प्रकरणात एक बारीक भेद आहे, आणि पुढील साऱ्या इतिहासाचे मर्म त्यातच साठविलेले आहे. तो भेद 'दान' आणि 'उत्सर्ग' यांतील. दानात घेणारा ठरलेला असतो. गाय अमक्याला दिली म्हणजे ती त्याची झाली. उत्सर्गात घेणारा असा कोणी ठरलेला नसतो. तळे खोदून झाल्यावर यजमान विधिपूर्वक आपले स्वामित्व सोडतो, आणि ते पाणी सर्व भूतांसाठी मोकळे होते. मग ज्याने तळे बांधले त्याने स्वतः त्यातील पाणी प्यावे की नाही, असा प्रश्न निबंधकारांपुढे उभा राहिला. कारण दिलेली वस्तू परत घेणे हा दोष. त्याचे उत्तर मोठे मार्मिक आहे. 'सर्व' या शब्दात तोही येतोच, तेव्हा मालक म्हणून नव्हे, तर सर्वांपैकी एक म्हणून त्याला ते पाणी पिता येते. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात 'भगवंतभास्कर' हा ग्रंथ रचला. त्याच्या बारा मयूखांपैकी एक संपूर्ण मयूख, 'उत्सर्गमयूख', याच विषयाला वाहिलेला आहे. ज्या समाजाने पाण्याच्या मालकीचा एवढा सूक्ष्म विचार केला, त्या समाजात पाण्यावाचून तिष्ठत राहिलेली एखादी वस्ती असावयास नको होती.

ती होती, आणि ती का होती याचे उत्तरही त्याच ग्रंथसमुदायात सापडते. अंत्यजांच्या विहिरीचे पाणी प्याल्यास किती दिवसांचे प्रायश्चित्त, कोणत्या भांड्यातील पाण्याला कोणाच्या स्पर्शाने विटाळ, याची प्रकरणे स्मृतींत विस्ताराने आली आहेत. उत्सर्गाचा संकल्प सर्व भूतांसाठी सोडला जाई, आणि दुसऱ्या दिवसापासून काठावर शुद्धीचे प्रकरण पहाऱ्याला बसे. पशुपक्ष्यांना त्या पाण्यावर मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो गावाबाहेर राहणाऱ्या माणसांना. उन्हाळ्यात पाणपोई घालणे हे पूर्तकर्मांतील अतिशय सोपे आणि लोकप्रिय कर्म. पण काही प्रांतांत अशा पाणपोयांवर अस्पृश्य वाटसरूला दुरूनच बांबूच्या नळीतून ओंजळीत पाणी सोडीत. तहान भागे, अंतरही राखले जाई. नळी या वस्तूचा आपल्याकडचा एक जुना सामाजिक उपयोग असा होता, हे आजच्या नळाविषयी बोलताना विसरून चालणार नाही.

नळाने पाणी खेळविण्याची विद्या या देशाला अपरिचित नव्हती. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून सुमारे ८ किलोमीटर लांबीच्या बांधीव भूमिगत नळाने पुण्यात पाणी आणले गेले. कोठेही रहाट नाही की मोट नाही. केवळ जमिनीच्या उतारावर पाणी चाले, वाटेत गाळ बसण्यासाठी व हवा मोकळी होण्यासाठी उच्छ्वास ठेवलेले. हे पाणी शनिवारवाड्यात आणि शहरातील हौदांत पडे. हौदावर कोणी यावे याचे नियम मात्र पाण्याबरोबर कात्रजहून आले नव्हते. ते शहरातच तयार होते. शंभर-सव्वाशे वर्षांनी, १८६८ साली, जोतीराव फुले यांनी पुण्याच्या गंज पेठेतील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. शास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर पुण्यातील तो एक खरा जलोत्सर्ग होता, कारण त्यात 'सर्व' या शब्दाचा अर्थ कमी केलेला नव्हता. पण हौद खाजगी होता. जोतीरावांचे मन मोठे म्हणून तो उघडला. शेजारच्या हौदाच्या मालकाचे मन तसे नसेल तर त्याला कोण काय म्हणणार? एका माणसाच्या औदार्यावर गावाची तहान किती दिवस भागवावी, हा प्रश्न तेथे शिल्लक राहिला.

तो प्रश्न सुटण्याची वाट जेथून निघाली, ती जागा अनपेक्षित आहे. ती जागा म्हणजे सरकारी जमाखर्चाची वही. मुंबईत विहार तलावाचे पाणी १८६० साली आले, त्यामागून १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. त्याच १८९२ साली बडोद्यास महाराज सयाजीराव गायकवाड यांनी आजव्याच्या तलावाचे काम पुरे करून शहराला नळाचे पाणी दिले. तो जलाशय सयाजी सरोवर म्हणूनही ओळखला जातो. हैदराबादेत १९०८ च्या मुसा नदीच्या महापुरानंतर जी योजना आखली गेली तीतून १९२० मध्ये उस्मानसागर उभा राहिला. ही कामे एखाद्या सावकाराच्या किंवा सरदाराच्या दानातून होण्यासारखी नव्हती. त्यांना राज्याचा खजिना लागला, कर्ज लागले, आणि पुढे घरोघर पाणीपट्टी लागली. सोवळ्याच्या अनेक घरांत हे पाणी प्रथम चालत नसे. तोटीतील चामड्याची चकती हे त्याचे एक कारण सांगितले जाई. काही वर्षे विहिरीचे पाणी देवाला व नळाचे पाणी वापराला, अशी विभागणी चालली; मग सोयीपुढे शास्त्रार्थ हळूहळू मवाळ झाला आणि तोच नळ देवघरापर्यंत पोचला. विटाळाचे नियम सोयीप्रमाणे बदलता येतात, हे त्या घरांनी कोणताही निर्णयग्रंथ न उघडता सिद्ध केले.

पाणी सर्वांच्या पैशाने येऊ लागल्यावर ते कोणाचे, हा प्रश्न नव्या रीतीने विचारणे शक्य झाले. तो विचारला सीताराम केशव बोले यांनी. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात त्यांचा ठराव संमत झाला. त्याचा आशय असा होता की, सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालविली जाणारी, अथवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी व धर्मशाळा यांचा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्यांना करू द्यावा. या ठरावात दयेचे आवाहन नाही. पैसा कोणाचा, एवढाच त्यात विचार आहे. १९२६ मध्ये त्याला जोड देण्यात आली की, ज्या स्थानिक संस्था हा ठराव अमलात आणणार नाहीत त्यांचे अनुदान बंद करावे.

ठराव आणि पाणी यांमध्ये किती अंतर असते, हे महाडने दाखविले. तेथील चवदार तळे सुमारे चार-पाच एकरांचे, नगरपालिकेच्या ताब्यातील. भोवती रस्ते व त्यापलीकडे सवर्णांची घरे. ५ जानेवारी १९२४ रोजी महाडच्या नगरपालिकेने हे तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. तीन वर्षे तो ठराव दप्तरात राहिला आणि तळे होते तसेच राहिले. मुसलमानांना तेथे पाणी भरण्यास आडकाठी नव्हती. पुढे १९ व २० मार्च १९२७ या दिवशी महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, आणि २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंच्या समुदायासह तळ्यावर गेले व त्यांनी ओंजळभर पाणी प्याले. थोड्याच वेळात, हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत, अशी खोटी आवई उठली आणि परत निघालेल्या माणसांवर लाठ्या चालल्या. दुसऱ्या दिवशी १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य घालून तळ्याची शुद्धी करण्यात आली. ज्या हातांनी हा विधी केला त्यांना शुद्धीचे मंत्र पाठ होते. उत्सर्गाचा संकल्प त्यांना त्या दिवशी आठवला नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे होताच, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली तेव्हा काही सवर्णांनी दिवाणी दावा लावून १४ डिसेंबर रोजी तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. हजारो माणसे जमलेली असताही तो हुकूम मानून सत्याग्रह तहकूब ठेवण्यात आला, ही गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. मग दहा वर्षे कोर्टकचेरी चालली. वादींचे म्हणणे दोन प्रकारचे होते. एक, तळ्याची मालकी. ती काही टिकली नाही. दुसरे, अस्पृश्यांना वगळण्याची अनादि काळची वहिवाट. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांनी अपील फेटाळले. अशी वहिवाट अनादि असल्याचे सिद्ध झालेले नाही, असा त्यांचा निर्णय होता. शास्त्रवचनांचा आधार सांगणाऱ्या अनेकांची खात्री होती की ही चाल सृष्टीइतकी जुनी आहे. पुराव्याच्या कसोटीला ती नगरपालिकेच्या काळापलीकडे नेता आली नाही.

या साऱ्या खटाटोपाचे फलित संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात दोन ओळींत सामावले आहे. पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेल्या, अथवा सर्वसामान्य जनतेच्या उपयोगासाठी समर्पित केलेल्या विहिरी, तलाव, स्नानाचे घाट इत्यादींच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकास अडविता येणार नाही, असा त्याचा भाव आहे. यांतील पहिली कसोटी बोले यांची, पैशाची. दुसरी, 'समर्पित', हीच तर शास्त्रातील उत्सर्गाची. संविधान अमलात आले २६ जानेवारी १९५० रोजी. १९५५ च्या कायद्याने असे अडविणे हा दंडनीय अपराधही ठरला.

येथे इतिहास संपला असता तर बरे झाले असते. पण त्या अनुच्छेदात विहिरी आहेत, तलाव आहेत, नळ नाही. हा शब्दाचा दोष नव्हे, वस्तूचा भेद आहे. विहीर एका जागी असते आणि माणूस तिच्याकडे जातो, म्हणून त्याला वाटेत अडवावे लागते. अडविणारा दिसतो, त्याच्यावर फिर्याद होते. नळ माणसाकडे यावा लागतो. तो आलाच नाही तर कोणी कोणाला अडविलेले नसते. नकाशावर मुख्य नळाची रेघ गावठाणापर्यंत येऊन थांबते, वस्ती त्यापुढे अर्ध्या मैलावर असते. तेथवर शाखा न्यावयाची तर घरामागे खर्च जास्त आणि पट्टीचे उत्पन्न कमी. हिशेबनिसाने कोणताही अन्याय मनात न आणता ती शाखा पुढील वर्षावर टाकली, की तळ्याच्या काठावरील पहाऱ्याचे काम आपोआप होते. एवढ्यासाठीच वंचित वस्तीच्या नळात पैसा घालणे हा प्रश्न दानधर्माच्या सदरात ढकलणे बरोबर नाही. उत्सर्ग झालेल्या पाण्याचा वाटा पोचविण्याचा तो खर्च आहे.

मुंबईत हेच तारखेच्या रूपाने घडले. ज्या झोपड्या ठरावीक दिनांकापूर्वीच्या नाहीत त्यांना महानगरपालिकेचा नळ नाही, असा नियम होता. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की पाणी हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, आणि १ जानेवारी २००० नंतर वसलेल्या झोपड्यांनाही पाणी देण्याचे धोरण आखावे. घर अधिकृत की अनधिकृत हा वेगळा वाद. तो मिटेपर्यंत माणसाने तहानलेले राहावे असे नाही. महाडपासून मुंबईपर्यंत एका पिढीचे नव्हे, तर तीन पिढ्यांचे अंतर आहे.

नळ पोचला तरी पाणी पोचतेच असे नाही. आपल्या बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळी, काही ठिकाणी काही दिवसांआड सोडले जाते. नळातील दाब उतरला की भोवतालच्या ओल्या जमिनीतील व गटारातील पाणी सांध्यांतून आत ओढले जाते, आणि पुढच्या वेळी तेच प्रथम तोटीतून पडते. ज्याच्या घरी मोठी टाकी व विजेचा पंप आहे तो ही उणीव भरून काढतो. चाळीच्या टोकाला किंवा चढावर राहणाऱ्याच्या घागरीत शेवटचे व गढूळ पाणी येते. आणि त्या घागरीसाठी घरच्या बायकांचा दिवस मोडतो, मजुरी बुडते, मुलीची शाळा बुडते. या दृष्टीने बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा येथे जागतिक बँकेच्या कर्जातून झालेला प्रयोग पाहण्याजोगा आहे. या शहरांतील सुमारे १० टक्के लोकवस्तीच्या निवडक भागांत जुने नळ काढून, घरोघर मीटर बसवून, २००८ च्या सुमारास अहोरात्र पाणी सुरू करण्यात आले. हुबळी-धारवाडात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेली पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वसाधारण अतिसार त्यांना कमी झालेला दिसला नाही, पण अहोरात्र पाणी मिळणाऱ्या गरीब कुटुंबांतील मुलांत रक्ताची आव कमी होती. श्रीमंतांनी ज्यापासून पैसा खर्चून बचाव केला होता, त्यापासून गरिबांचा बचाव सार्वजनिक नळाने केला, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

ग्रामीण भागाची गोष्ट १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने बदलली. त्या वेळी देशातील सुमारे १९ कोटी ग्रामीण घरांपैकी ३ कोटी २३ लाख घरांत, म्हणजे शेकडा १७ घरांत, नळ होता. दरमाणशी दररोज ५५ लिटर पाणी घरातच मिळावे असे ठरले, आणि त्यासाठी ३ लाख ६० हजार कोटी रुपयांचा अंदाज धरला गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा हे 'हर घर जल' प्रमाणित झालेले पहिले राज्य ठरले. तेथील ३७८ गावांतील २ लाख ६३ हजार घरे त्यात आली. २०२५ च्या आरंभी देशभरातील आकडा १५ कोटींवर गेला, आणि राहिलेल्या घरांसाठी योजनेची मुदत २०२८ पर्यंत वाढविण्यात आली. पाच-सहा वर्षांत बारा कोटी घरांत नळ जाणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र तोटी बसली म्हणजे पाणी आले असे समजण्याची घाई करू नये. उन्हाळ्यात विहीर आटली, पंप जळला, वीजबिल थकले, की भिंतीवरची तोटी ही केवळ शोभेची वस्तू उरते. आणि हे सर्व प्रथम घडते ते त्याच लांबच्या वस्तीत, कारण ती नळाच्या शेवटी असते.

बांधण्यास पैसा मिळतो, राखण्यास मिळत नाही, ही तक्रार नवी नाही. विष्णुस्मृतीने म्हटले आहे की, विहीर, बाग, तळे किंवा देवालय यांची जो पुन्हा डागडुजी करतो त्याला मूळ कर्त्याइतकेच फळ मिळते. असे आश्वासन मुद्दाम द्यावे लागले, त्या अर्थी जीर्णोद्धारास पुढे येणारी माणसे त्याही काळी थोडीच असावीत. नव्या कामाला शिलालेख लागतो; सांधा बदलणाऱ्याचे नाव कोठे कोरले जात नाही.

जलजीवनच्या नियमांत या राखणीचा भार गावावरच टाकला आहे. गावातील कामाच्या खर्चाचा दहावा हिस्सा गावाने पैशाने किंवा श्रमाने द्यावयाचा. डोंगराळ व अरण्य भागांत, तसेच जेथे अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून अधिक आहे अशा गावांत, विसावा हिस्सा. पाणी समिती दहा ते पंधरा जणांची, त्यांत निम्म्या स्त्रिया, आणि पाव हिस्सा दुर्बल घटकांतील माणसे. पाणीपट्टी किती, सोडण्याची वेळ कोणती, पंप दुरुस्तीस कोणास बोलवावे, हे तिने ठरवावयाचे. पाण्याची शुद्धता तपासण्याच्या पेट्या देऊन प्रत्येक गावातील पाच स्त्रियांना ती तपासणी शिकविण्याचीही तरतूद आहे. तळ्यावर घागर बुडविण्यास ज्या वस्तीला एके काळी मनाई होती, तेथील एखादी स्त्री आज गावाच्या नळाचे पाणी काचेच्या नळीत धरून ते पिण्याजोगे आहे की नाही याचा निर्वाळा देते, आणि तिने दिलेला आकडा गावाच्या दप्तरात नोंदला जातो.